सूनबाईची स्वस्त हत्यारं

आमच्या थोरल्या सूनबाईला भंगाराच्या दुकानात नेलं की तिचे डोळे जसे लकाकतात, तसे सराफाच्या दुकानात कधी लकाकले नाहीत. ही तक्रार नव्हे, कौतुक आहे. माझ्या मुलाला तर ही सोय फारच आवडते.

तिचा धंदा फर्मवेअरचा. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या शाळेत यंत्र म्हणाल तर एक घंटा, तीही गुरुजी घड्याळ विसरले की वाजायचीच नाही. म्हणून तिने मला माझ्या भाषेत समजावलं, "बाबा, जाग आल्यावर आपण कोण, कुठे झोपलो होतो, चपला कुठे आहेत, हे आपलं आपल्याला आठवतं. यंत्राला नाही आठवत. ते एका इवल्याशा चिपमध्ये लिहून ठेवावं लागतं."

"मलाही चपला आठवत नाहीत."

"मग तुम्हालाही चिप बसवू," ती म्हणाली.

हे लिखाण म्हणजेच फर्मवेअर. ते बिघडलं की धडधाकट यंत्र ओंडक्यासारखं पडून राहतं. ते ठीक करायचं काम तिने आमच्या पुढच्या खोलीत सुरू करायचं ठरवलं, तेव्हा हत्यारं घ्यायला मी बरोबर गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून मखमलीत ठेवलेलं एक यंत्र काढलं. सूनबाईने ते उलटंसुलटं पाहिलं, "छान आहे हो," म्हणाली आणि परत दिलं. घेतलं काय, तर चिप वाचायचा-लिहायचा साधा प्रोग्रामर, चिप न काढता तिला वरूनच धरणारा चिमटा, यंत्राचं म्हणणं पडद्यावर आणणारी एक सिरियल केबल आणि वीज मोजायचा मीटर.

"मीटर तेवढा चांगला द्या, बाकी साधं चालेल. वीज जास्त गेली तर चिप जळेल, मग कितीही महाग यंत्र आणा, वाचणार काय?"

तिथून भंगारवाल्याकडे. हात बसावा म्हणून तिला एक जुना कॉम्प्युटर हवा होता, बिघडवला तरी हळहळ वाटू नये असा. भंगारवाला गोरेगोमटे नग पुढे करी आणि ही नाक मुरडी.

"ताई, हा बघा, एक ओरखडा नाही!"

"रूप काय चाटायचंय? चिप सॉकेटात बसवलेली हवी, सहज काढता-घालता येईल अशी. आणि मागे सिरियल पोर्ट हवा. सुरू होताना आत काय चाललंय ते त्याने सांगितलं पाहिजे."

"म्हणजे बोलका पाहिजे म्हणा की!"

मी म्हटलं, "माझ्या मुलाला पसंत करताना एवढी चौकशी केली होतीस का गं?"

"नव्हती ना केली! म्हणून तर घरातलं सगळं बोलणं सासऱ्याच्या वाट्याला गेलंय."

भंगारवाला एवढा हसला की त्याने कॉम्प्युटर घरापर्यंत आणून दिला. गंजका, पोचे पडलेला, पण बोलका.

थोड्याच दिवसांत मागच्या गल्लीतली कशिदावाली मावशी आली. तापाने फणफणलेलं लेकरू आणावं तसा टॉवेलात गुंडाळून तिने तिच्या भरतकामाच्या मशीनचा बोर्ड आणला होता. अपडेट चालू असताना पडदा हलेना, म्हणून बाईने सरळ बटण बंद केलं होतं. तेव्हापासून मशीन थंड. शाळेचे बिल्ले सोमवारी द्यायचे होते. चुकलं तर शाळा ते काम कायमचं दुसरीकडे नेणार होती.

"कंपनीची फाइल आणलीय पेन ड्राइव्हवर. टाक की एकदाची!"

"मावशी, तुमच्या सुईची मापंही ह्याच चिपमध्ये आहेत. ती पुसली गेली तर मशीन चालेल, पण मांजर काढायला गेलात तर उंट निघेल. आधी आहे तसं उतरवून घेते. दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळल्याशिवाय मी अक्षर लिहीत नाही."

मीटर लावून तिने प्रोग्रामरची वीज तपासली, चिमटा लावला, वाचलं. पुन्हा वाचलं. जुळेना! पुन्हा, तरी तेच. मावशी म्हणाली, "दळलंय ते किती वेळा दळशील?" ही ऐकेना. तोच चिमटा गंजक्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, तर तिथे दोन्ही प्रती तंतोतंत. म्हणजे हत्यार नीट होतं. पण खरं सांगतो, ते मखमलीतलं यंत्र आठवून माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

मग तिने बोर्डापासून आपल्या लॅपटॉपला सिरियल केबल जोडली. वीज देऊन त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकण्याआधी चिमट्याने एकदा शेवटचं वाचून बघू म्हणाली. वाचायला लागली, आणि मावशी ओरडली, "अगं, पडद्यावर हे काय उमटतंय?"

ओळीवर ओळ सरकत होती. बोर्ड बडबडत होता!

"पण ह्याला वीज तर दिलीच नाही अजून," सूनबाई म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी कपाळाला हात लावून हसायला लागली. "बाबा, हा आपल्या प्रोग्रामरचीच वीज पिऊन जागा होतोय! चिप आपण वाचतोय आणि त्याच वेळी हाही वाचतोय."

"एकच वर्तमानपत्र दोघांनी ओढल्यासारखं."

"अगदी! फाटकंच हाती येणार."

तिने एक बारीक तार जोडून बोर्डाचा रीसेट दाबून धरला. म्हणजे त्याला अंगाई न गाता झोपवून ठेवला. आता वाचलं, पुन्हा वाचलं, प्रती जुळल्या. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी फाइल लिहिली, मापांच्या जागेला धक्का न लावता.

बोर्ड घेऊन आम्ही तिघं मावशीच्या घरी गेलो. बोर्ड बसवल्यावर मशीनचा पडदा उजळला. मावशीने कापड ताणून लावलं. सुई खाली गेली, वर आली, आणि शाळेच्या बिल्ल्यावरची शिडाची होडी हळूहळू आकाराला आली. मावशीने बिल्ला उलटा करून पाठीमागचे टाके चष्म्याजवळ नेऊन पाहिले, नखाने दोरा ओढून पाहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून तिने शाळेच्या बाईंना फोन लावला.

"हो हो, सोमवारी म्हणजे सोमवारी. अहो, अडचण कसली? आमच्याकडे कधी काही अडतं का?"

सूनबाईने पदर तोंडात कोंबला. मी मात्र मोठ्याने हसलो, तर मावशीने फोनवर हात ठेवून मलाच दटावलं.