शेअर रद्द झाले त्या दुपारचं गाऱ्हाणं

सोमवार, दिवाळीनंतरचा दुसरा. दुपारी तीन. हजर : १) मी, २) धाकटा भाऊ संदीप, मुंबईहून आलेला, ३) बबनकाका, गावचं गाऱ्हाणं घालणारे. गैरहजर : बाबा, मांडवीच्या घरी अंथरुणावर. सोबत आई.

हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कोणीतरी विचारणारच – आणखी कोण होतं तिथे? कोणी नव्हतं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला घेते, अशी मी.

रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, मासेमारीची जाळी विणणारी एक कंपनी होती. बाबा तिथे टाइमकीपर. कंपनी उभी राहताना गावाने अट घातली होती : जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जमीन राखणाऱ्या देवाला, मालकाने दरवर्षी नारळ द्यायचा. मुंबईचे साहेब एकदा देऊन विसरले. पुढे कामगारांना शेअर मिळाले, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे मीही मालकच की! नारळ मी देईन." कंपनी बंद पडली, मशिनं विकली गेली, तरी शेअर होते म्हणून नारळ चालू राहिला.

मग दिवाळं निघालं. नोटीस आली – कंपनी नव्या खरेदीदाराकडे जाणार, जुने शेअर रद्द, एक्स्चेंजवरून नाव काढणार, भागधारकांना शून्य. मी बाबांना ती वाचून दाखवली. पक्षाघाताने त्यांची वाचा दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं : "मालक आहोत तोवर सोडवून घे. नाहीतर पोरांवर जाईल." म्हणजे राखणदाराला शेवटचा नारळ देऊन त्या अटीतून मोकळं व्हायचं.

जायचं होतं आदल्या सोमवारीच. पण त्या दिवशी पाण्याची टाकी धुणारा येणार होता, म्हणून मीच आठवडाभर पुढे ढकललं.

"काका, जरा आटपा हां, माझी गाडी आहे," कंपनीच्या फाटकापाशी संदीप म्हणाला.

"तुझी गाडी राखणदाराला इचारून सुटते काय रे?"

बबनकाकांनी नारळ हातात धरला. गाऱ्हाण्यात एकेका बोलानंतर बाकीच्यांनी हुंकार द्यायचा असतो.

"बा राखणदारा, ही जागा तुझी, आमी तुझी लेकरं –"

"होय म्हाराजा!" आम्ही दोघं म्हणालो. आणि आमच्या मागोमाग कंपनीच्या बंद शेडमधून… पुष्कळ माणसांचा तोच हुंकार. कामगारांची एक अख्खी पाळी असावी इतका.

"एको आहे गं ताई," संदीप हसला.

"ह्या मालकांनी तुला इसरलं नाय –"

"होय म्हाराजा!" या वेळी त्या आवाजांत एक आवाज ओळखीचा होता. मी संदीपकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"आता त्यांना मोकळं कर –"

आत चिडीचूप. आम्ही दोघंही शेडकडे कान देऊन थांबलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. डिमॅट खातं बाबांचं आणि माझं जोडनावाने आहे, त्याचा मेसेज : शेअर खात्यातून वजा, शिल्लक शून्य. वेळ तीन अठरा.

"काय आलं गो?"

"शेअर गेले, काका. आत्ता."

त्यांनी नारळ न फोडताच माझ्या हातात दिला. "मग तू मालक नाय. सोडवायचं ते मालकानंच."

मी कंपाउंडला पूर्ण फेरी मारली. फाटकाला सील, कुलूप गंजलेलं. कुंपणाच्या जाळीतून शेड दिसत होती – छप्पर नाही, कमरेएवढं गवत, एक काडी मोडलेली नाही.

परत निघालो तर आईचा फोन. "अगो, बाबा बोलले! दोनदा 'होय म्हाराजा' म्हणाले, खणखणीत. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण…" किती वाजता, मी विचारलं. सव्वातीनच्या सुमारास.

डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटला एखादा शब्द येतो कधीकधी. येत असेल. शेडमधल्या बाकीच्यांचं मी त्यांना विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मुलीचा पुण्याहून फोन आला. "आई, होय म्हाराजा हे काय असतं गं? मी झोपेत तेच ओरडते, असं रूममेट म्हणते." मी म्हटलं, वेळेवर जेवत जा.

नव्या मालकाला तीन ईमेल पाठवले आहेत. उत्तर नाही. बाबा रोज पाटी दाखवतात : "झालं?" मी औषधाची बाटली शोधत राहते.

नारळ देव्हाऱ्याशेजारी आहे. हलवला की पाणी वाजायचं, ते आता वाजत नाही. यादीतली बाकी सगळी कामं खोडली. एक उरलंय : नव्या मालकाला फाटकापाशी आणणे.