पाण्याची गोळी

माझं ब्लडप्रेशर सापडलं ते मी तपासायला गेले म्हणून नव्हे. उपकेंद्रातल्या सिस्टरनी गरोदर बायकांची तपासणी ठेवली होती आणि दंडाला पट्टा बांधून घ्यायला बायका घाबरत होत्या. मी गावची अंगणवाडीची बाई. "काय होत नाय गो, बघा," असं म्हणून मी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. सिस्टरनी फुगा दाबला, सोडला, परत दाबला. मग बायकांकडे बघून हसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "सगळ्या गेल्या की थांबा जरा."

मी तेव्हा पस्तिशीची होते. आमचं गाव धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला. प्रेशर हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या माणसांचा आजार, असं आमच्याकडे सगळे समजत. मी अंगानं काडी. नवरा मुरबाडला कारखान्यात कामाला होता, सकाळच्या एसटीनं जायचा. त्यानं मला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्या आम्ही स्टँडजवळच्या मेडिकलमधून घेतल्या.

मेडिकलवाले पन्नाशीच्या आसपासचे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. गोळ्या पाकिटात घालताना त्यांनी विचारलं, "ताई, गावात फोन आहे का?"

वाण्याच्या दुकानात नाणं टाकायचा लाल फोन नुकताच बसला होता. मी नंबर सांगितला.

"लांबची माणसं बरं वाटलं की गोळी सोडतात," ते म्हणाले. "मग एकदम काहीतरी होऊन बसतं. म्हणून मी फोन करतो. दर गुरुवारी दुपारी करीन. सिस्टरांकडून प्रेशर मोजून घ्यायचं आणि मला आकडा सांगायचा. काही त्रास झाला तर तोही सांगायचा. लागलं तर मी डॉक्टरांशी बोलतो."

मला बरं वाटलं होतं तेव्हा. आपली कोणी चौकशी करतंय म्हणून.

पण गोळी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की ही काय भानगड आहे. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागायचं. एकदा जाऊन आलं की परत. अंगणवाडी देवळाच्या मागच्या खोलीत भरायची. समोर वीस-पंचवीस पोरं, आणि आजूबाजूला भात कापून नेलेली मोकळी खाचरं. पावसाळ्यात निदान गवत तरी असतं. दिवाळीनंतर आमच्याकडे कोंबडीसुद्धा लपत नाही. गावात संडास कोणाकडेच नव्हता. बायका पहाटे अंधारात जायच्या आणि मग दिवेलागण झाल्यावर. मधला सगळा दिवस अंगाला कुलूप लावून काढायचा. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. तसंच होतं.

मी मांडी आवळून पोरांकडून गाणी म्हणून घ्यायची. एके दिवशी गाणं म्हणता म्हणता उठताना मला थोडं झालं. लुगडं भिजलं. काळ्या रंगाचं होतं म्हणून दिसलं नाही, पण एक चिमुरडी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वतःच्या अंगावर सांडला आणि "अगो बाई, सांडलं की" असं हसले. पोरं पण हसली. घरी जाऊन मी लुगडं धुतलं आणि गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यामागं सारलं.

गुरुवारी दुपारी वाण्याची हाक यायची. "बाई! फोन! मेडिकलवाल्याचा!" सगळ्या आळीला ऐकू जायचं. दुकानासमोरच्या फळीवर चार पुरुष कायम बसलेले असत. मी पदर सावरून रिसीव्हर कानाला लावायची.

"ताई, गोळी चालू आहे ना?"

"हं."

"काही त्रास?"

"नाय."

"आकडा किती आला?"

मी आकडा सांगायची. आकडा खाली यायचा नाही, आणि त्यांना कळायचं नाही का येत नाही ते. मीठ कमी करा म्हणायचे, सुकी मासळी, लोणचं, पापड कमी करा म्हणायचे. मी हं हं करायची. फळीवरचे पुरुष गप्प बसून ऐकायचे. परत निघाले की कोणीतरी म्हणायचं, "मेडिकलवाल्याचं बरं ध्यान हाय बाईंवर." मला पायाखालची वाट दिसायची नाही.

अंगणवाडीत मी बायकांना लोहाच्या गोळ्या वाटायची. "घरी नेऊन फेकू नका गो, पोराच्या जिवासाठी हाय," असं रोज सांगायची. हे सांगताना तांदळाचा डबा डोळ्यासमोर यायचा.

शिमग्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी महिनाभर माहेरी सापगावला राहिले. तिथं भावानं घरामागे संडास बांधला होता. पत्र्याचं दार, आत बादली. मी पहिल्याच दिवशी गोळी सुरू केली. कोणाला काही सांगायला लागलं नाही. लागलं की जायचं, दार लावायचं. एवढंच. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात प्रेशर मोजलं तर आकडा चांगला उतरलेला. मी तिथल्याच बूथवरून मुरबाडला फोन करून सांगितलं. मेडिकलवाले इतके खूष झाले की जणू त्यांच्याच मुलीचा निकाल लागला होता.

मग सासरी परत आले आणि पाकीट परत डब्यामागं गेलं.

वैशाखाच्या उन्हात, अंगणवाडीत बायकांची बैठक चालली होती. मी बोलत होते आणि ओठावर काहीतरी गरम आलं. हात लावला तर रक्त. नाकातून धार लागली होती. बायका ओरडल्या. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी डोक्यावर पाणी ओतलं. सिस्टर धावत आल्या. पट्टा बांधला, आकडा बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"गोळी घेता का नाय?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मी म्हटलं, "घेते."

तो दिवस गुरुवारचाच होता. सिस्टरनी माझ्या आधी मेडिकलमध्ये फोन करून आकडा कळवला असणार. कारण वाण्याची हाक आली ती नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी. मी नाकात कापूस घालून दुकानात गेले. फळी भरलेली होती. वाणी गूळ फोडत होता, तो माझं नाक बघून थांबला.

मेडिकलवाल्यांनी या वेळी गोळीचं विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, आजूबाजूला माणसं आहेत का?"

"हो."

"मग तुम्ही काही सांगू नका. मी विचारतो. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. मी रागावणार नाही."

मी दुकानाच्या भिंतीकडे तोंड केलं.

"माहेरी रोज गोळी घेतलीत?"

"हो."

"इकडे आल्यावर सोडलीत?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. फोनमध्ये त्यांच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"हो," मी म्हटलं.

"घरात कोणी घेऊ नको म्हणतं?"

"नाय."

"मळमळ, चक्कर?"

"नाय."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, माहेरी संडास आहे का?"

मला वाटलं, सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण मला तसंच वाटलं. एक परका पुरुष, आणि हा शब्द, आणि माझ्या पाठीमागे चार माणसं. कानशिलं इतकी तापली की नाक परत फुटतंय की काय असं झालं.

"हो."

"सासरी?"

"नाय."

"अंगणवाडीत?"

"नाय."

पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "गोळी देताना मीच विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "ही पाण्याची गोळी आहे, लघवी होणारच. किती वर्षं मी ही गोळी गावोगावच्या बायकांना देतोय. कधी विचारलं नाही." त्यांचा आवाज ओशाळा झाला होता. "मी आत्ता डॉक्टरांकडे जातो. दुसरं औषध आहे. संध्याकाळी तुमच्या मालकांकडे देतो. आणि ताई, पाणी पिणं सोडलंय का?"

"हो."

"ते आजपासून सुरू करा."

मी रिसीव्हर ठेवला. वाण्यानं विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "मीठ कमी करा म्हणतो."

संध्याकाळी नवरा नवीन गोळ्या घेऊन आला. चपला काढता काढता म्हणाला, "मेडिकलवाला बोलला, ही दिवसा तरास देनार नाय. दिवसा कसला तरास होता गो तुला?"

मी चुलीपुढं बसले होते. त्याच्याकडे पाठ करूनच सांगितलं. लुगड्याचं पण सांगितलं. लग्नाला सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण त्याच्याशी असलं काही बोलायची ही पहिलीच वेळ. जे नवऱ्याला सांगता आलं नाही ते मी वाण्याच्या दुकानातून परक्या माणसाला कळू दिलं होतं, याची लाज वेगळीच वाटत होती.

तो म्हणाला, "मला वाटायचं, बायकांना दिवसा लागतच नाय."

चेष्टा नव्हती ती. खरंच तसं वाटत होतं त्याला. आई, बहिणी, बायको, कोणालाही त्यानं दिवसा कधी तांब्या घेऊन जाताना बघितलं नव्हतं. मी वळून बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. माझ्याहून त्याचंच तोंड जास्त उतरलं होतं. सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी ऐकलं असणार. जेवताना त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

पुढच्या सुट्टीला नवऱ्यानं घरामागे कारवीच्या काठ्यांच्या कुडाचा आडोसा उभारला, आत दगड मांडले. गावातले पुरुष हसले. "राणीचा म्हाल बांधतोस काय रे?" असं विचारून गेले. तो कूड बांधत राहिला. आठवडाभरात शेजारच्या दोघी "जरा येऊन जाऊ का?" असं खालच्या आवाजात विचारायला लागल्या.

नवीन गोळीनं पायाला थोडी सूज यायची, पण आकडा उतरला. मी ती सोडली नाही. गुरुवारचे फोन पुढं कित्येक वर्षं चालले. नंतर घरात मोबाइल आला, मग मला वाण्याकडे जायला लागलं नाही. फोनवर मी त्यांच्याशी पुष्कळ बोलायची, पायाच्या सुजेचं, झोपेचं, पाळी बंद होत आल्याचंसुद्धा. नवीन बाईला पाण्याची गोळी देण्याआधी ते आता घरचं विचारून घेतात, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं.

पण त्यांच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही. गोळ्या नवरा आणायचा. तो एकदा तापानं पडला तेव्हा मला जावं लागलं. मुरबाडच्या स्टँडवर उतरले, दुकानासमोरून दोनदा पुढं गेले, शेवटी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं असणार. हात क्षणभर थांबला. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तो डोळ्यांवर घालायला फार वेळ घेतला, आणि पाकीट बांधून माझ्याकडे न बघताच पुढं केलं.

"उन्हाचं आलात," ते म्हणाले.

मी "हो" म्हटलं आणि एसटी लागली नव्हती तरी धावत स्टँडकडे गेले.