दाजींचा बिनपट्टीचा चिरूट

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, रंगारी. हयात दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात गेली. स्वतःच्या घराला उरलेले रंग, त्यामुळे प्रत्येक भिंत वेगळ्या गिऱ्हाइकाची. संध्याकाळी हात रॉकेलने पुसून ते दाराच्या पायरीवर बसत आणि चिरूट पेटवत. ताई आतून म्हणायची, "साबण लावलात ना? नाहीतर आधी तुम्हीच पेटाल."

हा चिरूट तंबाखूच्या दुकानात काचेच्या बरणीत मिळतो. भारी मालाच्या कात्रणांतून वळलेला. ना डबा, ना नाव, ना कमरेला कागदी पट्टी. पण जळतो एकसारखा, राख बोटभर उभी राहते आणि ओढून झाल्यावर घसा कुरकुरत नाही. दाजी येईल त्याला ऐकवत, "भारी सिगारवाले पट्टीचे पैसे भरतात, तंबाखूचे नाही." मी युनियनच्या सभांमध्ये घसा फोडून जे सांगतो, तेच हा माणूस पायरीवर बसून आरामात सांगायचा. म्हणून तर मला त्यांचा अभिमान.

मग भाचीचं लग्न झालं आणि तिचे सासरे पहिल्यांदा घरी यायचे ठरले. व्याही बसचे ड्रायव्हर. कुठले राजेसाहेब नव्हेत. पण दाजींची झोप उडाली. व्याह्यांपुढे बरणीतला माल कसा ठेवायचा? तेव्हा त्यांचं काम एका मोठ्या हॉटेलात चालू होतं. तिथून त्यांनी एक लाल-सोनेरी पट्टी आणली आणि आपल्या चिरुटाला चढवली. सैल पडली, तर माहेरी आलेल्या भाचीने खळ लावून बसवून दिली. मला आधी कळतं तर बापलेकीला तिथेच झाडलं असतं.

जेवणानंतर व्याह्यांनी चिरूट ओढला. डोळे मिटले. "वा. जेवण एकीकडे आणि हा एकीकडे." मग पट्टीवरचं नाव नीट वाचलं. "धाकट्या मुलाला नोकरीत कायम करायचं साहेबाच्या हातात आहे. साहेब सिगारचा शौकीन. उद्याच याचा एक डबा नेऊन देतो. ओढाताण होईल, होऊ दे."

साहेबाला डबा नेणं मला खटकलंच. पण त्याहून मोठं म्हणजे धुराचा वास ओळखीचा होता. मी दाजींकडे पाहिलं. ते रिकाम्या कपात बघत होते. मी तोंड उघडणार, तोच ताईने माझ्या पायावर पाय दिला.

व्याही निघाले, गल्लीत उतरलेसुद्धा. दाजी बसलेलेच. मग एकदम उठले आणि अनवाणी धावले. त्यांच्यामागे मी आणि भाची.

"डबा घेऊ नका," दाजींनी त्यांना गाठून सांगितलं. "मी दिला तो बरणीतला स्वस्त चिरूट. पट्टी दुसऱ्या सिगारची आहे."

"ती कुठून आणलीत?"

"हॉटेलातल्या राखदाणीतून उचलली."

व्याह्यांनी नकळत ओठ पुसले. ते पाहून मलाच कुठे तोंड लपवू असं झालं.

"सूनबाईला ठाऊक होतं?"

"नाही," दाजी म्हणाले.

"मीच चिकटवली, मामंजी," मागून भाची म्हणाली.

व्याही तिच्याकडे नुसतं बघत राहिले. मग दाजींना म्हणाले, "चिरूट चांगलाच होता हो. तसाच हातात दिला असतात तरी मी हेच म्हटलं असतं. साहेब पट्टी बघतो. तुम्ही मला त्याच्या पंगतीला बसवलंत, हे लागलं."

  दाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले, आणि त्यांनी मान वर करेपर्यंत व्याही कोपऱ्यावरून वळले होते.

परत येताना भाची म्हणाली, "बाबा, उद्या मला त्याच घरी जायचंय."

"मी येतो ना सोडायला. त्यांची माफी मागतो."

"नको," ती म्हणाली. "मी एकटीच जाईन."