सुशीलाताई पाण्यात उतरल्याच नव्हत्या

"पाण्यानं नेलं म्हणं की ओ तुमच्या बाईला!" नवी पेठेत, साडीच्या दुकानात, ओळखीच्या एका बाईंनी भर गर्दीत मला ऐकवलं. वर शहाणपण, "साठीनंतर थंडीत पोहायची हौस कशाला म्हणते मी?" असा संताप आला की हातातली साडी तिथंच टाकून मी बाहेर पडले. सुशीलाताईंना जाऊन महिना झाला, आणि गावभर हेच चाललंय. अहो, पाण्याचा थेंबसुद्धा लागला नव्हता त्यांच्या अंगाला!

ताई निवृत्त नर्स. आमच्या पोहण्याच्या तलावावर सकाळची महिला बॅच दिवाळीनंतर ओस पडायची, पाचजणी उरायच्या, त्याही ताईंच्या धाकानं. पहिल्या वर्षी मीही स्वेटर चढवून घरी बसले, तर दारात हजर. "थंडी काय एकदम येत न्हाय गं. रोज थोडी थोडी येती. तू खाडं केलंस की मग एकदम येती." तेव्हापासून खाडा नाही. उडी मारायची नाही, हा त्यांचा कायदा. पायरीवर बसून आधी पाय, मग मानेवर ओंजळभर पाणी, मग कमरेपर्यंत. छाती आवळते, जीव घाबरतो, नेमका तेव्हा श्वास सोडायचा, लांब. "जातंय की मग." आणि खरंच जायचं. डिसेंबर सरेपर्यंत मला त्या गारठ्याची चटकच लागली. आयुष्य दवाखान्यात काढलेली ही बाई स्वतःच्या बीपीच्या गोळ्या मात्र बिनदिक्कत विसरायची. राग येतो मला त्यांचाही... फार येतो.

त्या सकाळी मी गळ्यापर्यंत पाण्यात होते. ताई काठावरच्या बाकावर, पोहायची टोपी हातात. म्हणाल्या, "आज बाहेरच छाती आवळल्यागत होतंय गं." मी हसले. "श्वास सोडा की ताई, लांब. जाईल!" त्याही हसल्या. माझ्यादेखत लांब श्वास सोडला. मी आणखी चार फेऱ्या मारल्या. चार! परतले तेव्हा त्या भिंतीला टेकलेल्या होत्या आणि हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. रिक्षात घालून नेलं, पण उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात तलावाच्या समितीनं हिवाळ्यातली महिला बॅच बंद केली. कारण काय, तर 'पाण्यातील दुर्घटना'. त्या बैठकीत मी होते. ताई पाण्यात उतरल्याच नव्हत्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही काय करत होता? मी मूग गिळून बसले. त्याआधी, ताईंच्या पुण्यानुमोदनाला सगळे श्रद्धांजलीसाठी जमले होते, त्या दिवशी त्यांच्या मुलानं, मिलिंदनं विचारलं होतं, "मावशी, आई शेवटी काय बोलली का ओ?" तेव्हाही मी म्हणाले, "न्हाई रे, काहीच न्हाई."

खाडा नको म्हणून आता घरीच, न्हाणीत, गार पाण्याची बादली अंगावर ओतून घेते. छाती आवळते. श्वास सोडायचा असतो, ठाऊक आहे... सोडवत नाही. मिलिंद, आई बोलली होती रे. तिनं मला सांगितलं, आणि मी पोहायला गेले.