सदाने आम्हाला वाऱ्याच्या उलट नेलं

सदा गेला तो म्हशीचं दूध काढून झाल्यावर.
काम आधी, मरण नंतर. तसलाच माणूस.

आज वर्ष झालं.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. समुद्राशी आमचा संबंध सुक्या मासळीपुरता.
तरी आमच्या वाडीत एका इंग्रज कॅप्टनची सगळी जहाजं, सगळ्या लढाया माणसांना तोंडपाठ होत्या.
ही सदाची करणी.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुंबईतली कंपनी बंद पडली आणि सदा बायकोपोरांसह वाडीवर परत आला. सामानात एक ट्रंक, ट्रंकेत त्याच कॅप्टनवरच्या, मराठीत आणलेल्या कादंबऱ्यांची अख्खी सिरीज. दोनशे वर्षांपूर्वीचं आरमार, शिडाची जहाजं, तोफा.

लोक टोमणे मारायचे. "काय कॅप्टन, मुंबईत जहाज बुडालं वाटतं?"
सदा हसायचा. पण ते त्याला लागायचं. मला माहीत आहे.

त्याचे वडील आबा. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो आणि एकजण अर्थ सांगतो. वाचायला मी. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाचून वाचून शिकलो. अर्थ सांगायला आबा.
आबांची नजर गेली होती, आवाजही बसत चालला होता. पुढे अर्थाच्या पाटावर कोण, हा वाडीपुढचा प्रश्न होता.
सदाला तो पाट हवा होता. तोंडाने कधी बोलला नाही.
आबांचं मत साफ होतं. "मुंबईवाल्यांचं वाचन नुसतं पळतं."

वैशाखात दुपारी कामं नसतात. देवळात गार असतं. सदाने पहिला भाग माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू वाच, मी अर्थ सांगतो. पोथीसारखंच."
बायामाणसं जमली. आबाही खांबाला टेकून बसले.

दुसऱ्याच दिवशी सदा अर्थ सांगत असताना आबांनी हात वर केला.
"थांब रे. वारा फुडनं येतोय म्हनलास ना?"
"होय आबा."
"मग जहाज फुडं कसं जातंय?"
"शिडं हायत ना."
"वारा शिडाला मागं ढकलंल. जहाज मागं जायला हवं."

सदाने वाकून ते पान परत वाचलं.
मी हळूच म्हटलं, "चल रे, पुढचं वाचतो. लढाई येतेय."
सदाने पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं.
"मलाच कळलं नाय. कळल्याबिगर फुडं नाय जायाचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "कॅप्टन अडकला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही दोघं दासगावला. खाडीवर शिडाची होडी असलेला एक म्हातारा गाठला. सदाने त्याला सरळ विचारलं. म्हातारा म्हणाला, "सांगून काय कळणार? बस."
मी काठावरच राहिलो. पाण्याशी माझं जमत नाही.

दुपारचा वारा समुद्राकडून येत होता आणि होडी समुद्राकडेच निघाली. आधी तिरकी या काठाकडे, मग वळून तिरकी त्या काठाकडे. प्रत्येक वळणाला थोडी पुढे.
सदा परत आला तो भिजलेला, उन्हाने भाजलेला, दोनदा ओकलेला. चेहरा मात्र लग्नातल्यासारखा.

देवळात परत सगळे जमले. आबांना दिसत नव्हतं, म्हणून सदाने चित्रबित्र काढलं नाही.
"आबा, वरच्या टेपाडावर गुरं कशी चढवता? सरळ?"
"सरळ चढवली तर छाती फुटंल त्यांची. आडवी न्यायची, वळवायची, परत आडवी."
"वारा म्हंजे तो चढ, आबा. जहाज तसंच चढतं."

आबा माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले,
"वाच फुडं."

त्या श्रावणात अर्थाचा पाट आबांनी स्वतः सदापुढे सरकवला.

ती सिरीज संपायला आम्हाला कितीतरी वैशाख लागले. कारण सदा कुणालाही पुढे पळू द्यायचा नाही.
लांबून पाणी वाहणाऱ्या आमच्या बायांनी विचारलं, "येवढी माणसं, तर प्यायचं पाणी ठेवतात कुठं?" सदाने मागची पानं उलटून जहाजाच्या पोटातली पिंपं शोधून काढली.
शेवटच्या भागाची समाप्ती नारळ फोडून, शिरा करून केली. पुस्तकाला हळदकुंकूसुद्धा लागलं.
"कॅप्टन" तेव्हाही म्हणायचे लोक. पण आता जागा देत, सरकून बसत म्हणायचे.

मला अभिमान आहे, की त्याच्या शेजारच्या पाटावर बसून मी वाचलं.

काल त्याची सून आली होती. म्हणाली, "काका, या श्रावणात अर्थाला मी बसू?"
मी विचारलं, "आणि कुठं अडलं, तर?"
"तर पोथी मिटायची. विचारून यायचं."

पाट तिचाच.

सदा, मित्रा, सगळ्या वाडीचा तुला मनापासून नमस्कार.