बावीस फेऱ्यांचा माणूस

आमच्या शेजारच्या चावीवाले भावजींना घरात मांजरही विचारत नसे, पण पहाटे अख्खी वस्ती त्यांच्या हातात. नळाला पाणी सोडायचं काम. माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे आणि मोठ्याने मोजत खालच्या व्हॉल्व्हवर चावी फिरवायचे. प्रत्येक गल्लीला बावीस फेरे. मी खिडकीतून मुद्दाम ओरडायचे, "एकोणीस, सात, चाळीस." मोजणी चुकायची. बिचारे चावी उलटी फिरवून पुन्हा एकपासून सुरू करायचे.

"वहिनी, तुमच्यापायी पुढची गल्ली पारोशी राहील हो," एवढंच म्हणायचे.

निवडणुकीत नगरसेवक बाकी वस्तीच्या जोरावर निवडून आला, पण आमच्या गल्लीच्या केंद्रावर, शाळेच्या तिसऱ्या खोलीत, त्याला मतं कमी पडली. आठवड्याने त्याचा माणूस भावजींच्या दारात. भिंत सामाईक आणि माझे कान तिखट.

"तुमच्या गल्लीला यापुढे आठच फेरे."

"आठात पाणी वर चढत नाही, साहेब."

"चढू नये म्हणूनच सांगतोय. अजून रोजंदारीवरच आहेस ना तू?"

तो गेल्यावर भावजींची बायको म्हणाली, "फिरवा की आठ. आपण तळातच राहतो, आपल्याला येईल."

दुसऱ्या दिवशी भावजींनी बावीसच मोजले, जरा जास्तच मोठ्याने. पंधरवड्यात त्यांना गावाबाहेरच्या टाकीत गाळ उपसायला धाडलं. नवा चावीवाला आला. तो मोजायचा नाही. आमचे नळ खोकायचे आणि गप्प व्हायचे. अर्ज केले, पोच मिळाली, पाणी नाही. पुढची चार वर्षं आम्ही बादल्या घेऊन दुसऱ्यांच्या गल्लीत हिंडलो. तिथल्या बायका म्हणायच्या, "या, पाहुण्या."

पुन्हा निवडणूक आली. नगरसेवक हात जोडून दारोदार फिरला. पाण्याचं नावही काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. आम्ही सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. मीही दिलं.

निकाल लागला. तिसऱ्या खोलीत सगळी मतं त्याची, एक सोडून. दोन दिवसांनी नळाला भरभरून पाणी आलं, पण गल्लीत आनंद नव्हता. ते एक मत कुणाचं, हे एकमेकांना विचारून झालं होतं, एकच दार उरलं होतं.

सगळे तिथे जमले. भावजी पायरीवर बसून नखांतला गाळ काढत होते.

"तुमच्या एका मतापायी पुन्हा आठ फेरे झाले तर?" कुणीतरी विचारलं.

त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आज यांची मोजणी चुकवा ना. पुन्हा एकपासून मोजू."

माझ्या हातात भरलेली बादली होती. सांडू नये म्हणून मी तिच्याकडे बघत घरात आले.