कपाटामागचं घर

मामींना मामी कोणी म्हणायला सुरुवात केली ते कोणालाच आठवत नाही. त्या कोणाच्याच मामी नव्हत्या. नवरा गेल्यावर घरात भिंतींशी बोलायची पाळी आली, तेव्हा त्यांनी नगर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या कलादालनात काम धरलं. काम म्हणजे दाराजवळच्या खुर्चीत बसायचं आणि कोणी चित्राच्या फार जवळ गेलं की "लांबून बघा, लांबून" म्हणायचं. आसपासच्या गावांतले चित्रकार आणि फोटोग्राफर तिथे आलटून पालटून प्रदर्शनं मांडायचे. डोंगर, बैल, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या आणि सूर्यास्त. सूर्यास्तांचा तर मामींना इतका कंटाळा आला होता की नवीन फोटोग्राफर आला की त्या आधीच विचारायच्या, "मावळतीचे किती आहेत?"

त्या वेळी दालन दोघांनी मिळून घेतलं होतं. डाव्या भिंतीवर एका फोटोग्राफर बाईंची छायाचित्रं, उजवीकडे चाळिशी उलटलेल्या एका चित्रकाराच्या खोल्या. खोल्याच म्हणायचं, कारण त्याच्या एकाही चित्रात माणूस नव्हतं. रिकामं स्वयंपाकघर, रिकामा ओटा, रिकामी बैठकीची खोली. मांडणीच्या दिवशी मामी सुतळीचे तुकडे गोळा करत उजव्या भिंतीजवळून चालल्या होत्या, आणि चालता चालता थांबल्या.

समोरचं स्वयंपाकघर त्यांचं होतं.

आताचं नव्हे. लग्न होऊन त्या आल्या तेव्हाचं. खिडकीला निळी काच होती, पुढे ती फुटली आणि नवऱ्याने साधी बसवली. ओट्याच्या कडेचा टवका तसाच, तिथेच. पुढच्या चित्रात बैठकीची खोली, तिच्या उंबऱ्याला मध्ये पडलेला खोलगट भाग. त्यापुढे मधली खोली, लाल-काळ्या फरशीची, भिंतीत कमानदार कोनाडा. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त एक सोडून. मधल्या खोलीत ज्या भिंतीला त्यांचं कपाट होतं, तिथे चित्रात एक अरुंद दार होतं. बंद. बाहेरून कडी लावलेलं.

"ही कुठली जागा हो?" त्यांनी आवाज जमेल तितका साधा ठेवत विचारलं.

चित्रकार हसला. "कुठलीच नाही, मामी. डोळे मिटले की दिसतात. लहानपणापासून याच खोल्या काढतोय. माझी मावशी म्हणायची, या मुलाच्या डोक्यात कोणीतरी घर भाड्याने घेतलंय."

त्या दिवशी घरी जाऊन मामी दिवा न लावताच मधल्या खोलीत उभ्या राहिल्या. ते कपाट घराबरोबरच आलं होतं, भिंतीला घट्ट बसवलेलं, हलवायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्यांनी कपडे बाजूला सारले आणि मागच्या फळीवर बोटांनी ठोकलं. पोकळ वाजलं. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू आतून कोणी परत ठोकेल.

दालन सोमवारी बंद असे. त्या सोमवारी मामींनी चित्रकाराला घरी चहाला बोलावलं. एकटीने त्याला आत घ्यायचं धाडस होईना, म्हणून फोटोग्राफर बाईंनाही बोलावलं, आणि गल्लीतल्या सुताराला सांगून ठेवलं. चित्रकार बोलत बोलत आला, उंबऱ्याच्या खोलगट जागी न बघता पाय टाकून आत शिरला, आणि बोलणं तिथेच तुटलं. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"मामी, मी इथे आलोय का कधी?"

"ते तुम्हीच सांगायचं," मामी म्हणाल्या.

सुताराने कपाट सोडवलं. मागे फळ्या होत्या, भिंतीच्याच रंगात रंगवलेल्या. त्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, आणि खिळे इतके होते की सुतार वैतागून म्हणाला, "अहो, आत वाघ ठेवलाय का?" कोणी हसलं नाही. फळ्यांमागे अरुंद दार निघालं. कडी गंजलेली, बाहेरून लावलेली.

आत अडगळीची खोली होती, दोन माणसं बसली तर गुडघ्याला गुडघे लागतील एवढी. खिडकी नाही. वर छताजवळ एक जाळी, तिच्यातून पिठासारखा उजेड खाली पडत होता. मामी जीव मुठीत धरून डोकावल्या. मनात जे आलं होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तसलं काही आत नव्हतं. जमीन रिकामी होती. त्यांनी श्वास सोडला आणि मग भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर कोळशाने चित्रं काढली होती. अगदी खाली, लहान मूल जमिनीवर बसलं तर डोळ्यांसमोर येतील अशी. स्वयंपाकघर, ओटा, बैठकीची खोली, कमानदार कोनाडा. दालनात टांगलेली सगळी चित्रं तिथे होती, त्याच कोनातून. चित्रकार त्यांच्यासमोर फतकल मारून बसला. थोड्या वेळाने त्याने मावशीला फोन लावला. तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि आई लहानपणीच गेली, एवढंच सांगितलं होतं. फोन त्याने मोठ्या आवाजावर ठेवला, बहुधा एकट्याने ऐकवेना म्हणून.

मावशी म्हणाली, "तुझ्या बापाचा स्वभाव संशयी होता रे. कामाला जाताना तिला आत घालायचा आणि बाहेरून कडी लावायचा. तू रडायचास म्हणून ती तुलाही आत घ्यायची. अंधारात तू घाबरू नयेस म्हणून भिंतीवर बाहेरचं घर काढून दाखवायची. हे स्वयंपाकघर, इथे आपण संध्याकाळी जाणार, असं म्हणायची. एक दिवस संधी साधून तुला घेऊन माझ्याकडे आली. तुला ठेवलं, आणि कपडे घेऊन येते म्हणून परत गेली. ती आली नाही. तुझ्या बापाला विचारलं, तर तो म्हणाला, घरी आलीच नाही, पळाली असेल कुठेतरी. पुढे घर विकून तोही गेला. तुला काय सांगणार होते मी?"

तेवढ्यात फोटोग्राफर बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे एक वेगळं आहे."

त्यांनी टॉर्च वर धरला. एक चित्र उंचावर होतं, उभ्या माणसाच्या खांद्याइतकं. घाईने काढलेलं, रेषा खोल दाबलेल्या. एक घर, बाहेरून चढणारा गोल जिना, वर वाटोळी खिडकी. चित्रकाराने ते फोनवर वर्णन करून सांगितलं. सांगतानाच त्याला ओळख पटली, त्या जिन्यावर खेळून तो मोठा झाला होता.

"ते आपलं घर आहे," मावशी म्हणाली. "पण तिने ते कसं काढलं? मी तेव्हा नुकतीच राहायला आले होते. तिने ते एकदाच पाहिलं. तुला सोडायला आली तेव्हा."

कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. ती परत आली होती. तिला पुन्हा आत घातलं होतं. आणि या वेळी मूल शेजारी नव्हतं, म्हणून तिने बाहेरचं घर काढलं नाही, मूल जिथे होतं ते घर काढलं.

मामींनी त्या दिवशी ते दार सुताराकडून बिजागऱ्यांसकट काढूनच घेतलं.

फोटोग्राफर बाईंनी प्रत्येक चित्राचे फोटो काढले. पुढच्या प्रदर्शनात डावीकडे ते मोठे करून लावले, उजवीकडे लेकाची चित्रं. दालनाच्या दारावर आईचं नाव आधी आणि मुलाचं खाली. लोक येत, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे बघत, आणि हळूहळू त्यांचे आवाज खाली येत. मामींना "लांबून बघा" म्हणावं लागलं नाही. जवळ जायला कोणी धजत नव्हतं.

एका दुपारी एक म्हातारा आला. इस्त्रीचा सदरा, हातात काठी, पायांत नीट पुसलेले बूट. त्याने चित्रकाराच्या खोल्यांकडे बघितलंही नाही. तो थेट डावीकडच्या शेवटच्या फोटोपुढे, जिन्याच्या घरापुढे जाऊन उभा राहिला. फार वेळ उभा राहिला. मग मामींकडे वळून म्हणाला, "हे दार कोणी उघडलं?"

फोटोत कुठेच दार नव्हतं. मामी खुर्चीतून उठल्या.

"मी उघडलं. तुम्ही लावलं होतंत ना?"

आतल्या खोलीतून चित्रकार चहाचा कप हातात घेऊन आला आणि जागीच थांबला. ओळख करून द्यावी लागली नाही. दोघांचं कपाळ एकच होतं.

"तुम्ही म्हणाला होतात, ती घरी आलीच नाही," चित्रकार म्हणाला.

"आली होती." म्हातारा काठीच्या मुठीकडे बघत बोलत होता. "एक दिवस कडी न लावता कामाला गेलो. परत आलो तर ती नव्हती. फळ्या मी नंतर ठोकल्या. ती खोली बघवेना."

"कडी विसरलात, की मुद्दाम लावली नाही?"

"ते मलाही माहीत नाही."

"मग ती माझ्याकडे का नाही आली?"

म्हाताऱ्याने काठी सावरली आणि तो जिना उतरून गेला. चित्रकार त्याच्या मागे गेला नाही. खिडकीपाशी जाऊन त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिला. तो खरं बोलला असेल, असं त्याने मामींना एकदा सांगितलं. खोटंच बोलला, असंही एकदा सांगितलं. पोलिसांत गेला, वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, जुने शेजारी शोधले. हाती काही लागलं नाही.

मामींची लेक म्हणते, "आई, त्या घरात झोप तरी कशी लागते गं तुला? चल माझ्याकडे." मामींना झोप फारशी लागत नाहीच. वारा नसताना मधल्या खोलीतून गार झुळूक येते, आणि कधी कधी कोळसा भिंतीवर घासल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. उंदीर असतील, असं त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणतात. पण लेकीला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

"तिचं वय फार नाही गं, माझ्याहून थोडीच मोठी. आली एखाद्या दिवशी, तर घरात कोणी नको का?"